शीड आमच्या घरी, सुकाणू काकाच्या घरी

आमच्या आज्याने बांधलेला पडाव, म्हणजे शिडाची मोठी होडी, बाळकुमच्या खाडीच्या धक्क्याला चिखलात रुतून पडला होता. त्याला कारण वादळ नव्हतं की खडक नव्हता, माझा बा आणि माझा काका होते. आजा गेल्यावर दोघा भावांनी शेत वाटलं, ताडं वाटली, कोंबड्या वाटल्या, एक कोंबडी अंड्यावर बसली होती तीही अंड्यांसकट वाटली. शेवटी पडाव राहिला. पडाव मधोमध कापता येत नाही. म्हणजे येतो, काकाने करवत आणलीही होती. पण पंचांनी हात जोडले आणि निवाडा दिला की डोलकाठी आणि शीड थोरल्याचं, सुकाणू आणि नांगर धाकट्याचा, आणि खालचं धूड दोघांचं. इतका समसमान निवाडा ठाण्याच्या कचेरीतसुद्धा कधी झाला नसेल. त्या दिवसापासून पडाव जागचा हलला नाही.

शीड आमच्या आढ्याला टांगलं गेलं. पुढे आय ते खाली पसरून त्यावर भात वाळत घाली आणि पुन्हा वर टांगून ठेवी. सुकाणू काकाच्या ओटीवर दोन दगडांवर आडवं झालं आणि त्याचं बाकडं बनलं. पाहुणे त्यावर बसून तंबाखू मळत.

दोघे एकमेकांशी बोलत नसत. घरं समोरासमोर, विहीर एक. काकाला काही सांगायचं असलं की तो विहिरीच्या रहाटाला सांगे, आणि बा त्याचं उत्तर आमच्या बैलाला देई. दोन्ही बाजू ऐकून ऐकून तो बैल इतका शहाणा झाला होता की गावातल्या सोयरिकी त्याला विचारून ठरवाव्यात.

आता नाताळाकडे येतो. आमची घराणी पोर्तुगिजांच्या वेळेपासूनची ख्रिस्ती. आज्याच्या काळी आमचा नाताळ म्हणजे नव्या भाताच्या पेंढ्याचा एक गोठा आणि त्यात फणसाच्या लाकडाचा वीतभर बाळ येसू, नाक जरासं झिजलेला. नाताळच्या सकाळी त्याला पडावात घालून भरतीबरोबर ठाण्याच्या देवळात न्यायचं. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. तिथे त्याला वेदीपाशी ठेवायचं आणि मोठ्या मिस्सेनंतर, म्हणजे सणाच्या प्रार्थनेनंतर, सगळ्यांनी त्याच्या पायाचं चुंबन घ्यायचं. पडावात जागा फक्त ज्यांना चालवत नाही त्यांना, म्हणजे म्हातारे, लंगडे, दिवस भरलेल्या बायका. एखादा धडधाकट गडी चढून बसला तर आजा त्याला खाडीत ढकलून देई आणि म्हणे, तुला देवाने हातपाय दिलेत, तू पोहत ये.

पडाव थांबला आणि नाताळ दोन घरांत शिरला; आज्याचा बाळ येसू थोरल्याकडे, म्हणजे आमच्याकडे राहिला. भावांचं भांडण मग नाताळाच्या सामानावर आलं. काकाने कागदी ताऱ्याचा कंदील केला तो असा की त्याच्या उजेडाने कोंबडे भलत्या वेळी आरवले आणि कोलशेतच्या कोळ्यांनी पहाट झाली समजून जाळी टाकली. बाने ठाण्याहून वाजंत्री आणले. काकाने मुंबईहून काचेचे रंगीत गोळे आणले. बाने आरसे आणले, मखमल आणली, पत्र्याचा देवदूत आणला, त्याचे पंख इतके रुंद की दार काढून तो आत घ्यावा लागला. माझं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. आगगाडीने मुंबईला जाऊन बाचं हे सामान आणण्याचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते फार आवडीने करत असे, कारण परतताना लोक डब्याच्या खिडकीतून डोकी काढून माझ्याकडे बघत.

अशा एका नाताळाला आयने गावच्या म्हाताऱ्या सुईणीला गोठा दाखवायला घरी आणलं. दाखवायला म्हणजे हात लावायला, कारण ती ठार आंधळी झालेली. कमरेचं हाड मोडलेलं, त्यामुळे तिला सगळीकडे उचलूनच न्यावं लागे. सारा गाव तिला माय म्हणे. बा आणि काका दोघांनाही तिनेच जगात आणलं होतं. माय आमच्या गोठ्यावरून हात फिरवू लागली. हाताला मखमल लागली. काच लागली. कागदाची फुलं लागली. देवदूताचा पंख लागला, बोट कापलं. हात पुन्हा पहिल्यापासून फिरला.

"बाळ कुठं ठेवलंय गं?" तिने विचारलं.

आय शोधू लागली. बाळ येसू आरशामागे सापडला, डोकं खाली, पाय वर. आयने त्याला पुसून मायच्या हातात दिला. मायने तो छातीशी धरला आणि म्हणाली, पडाव थांबल्यापासून देवळात मी याचा पाय धरला नाही. मरायच्या आधी एकदा धरायचाय. एवढंच म्हणाली.

तिला डोलीतून न्यायला काय हरकत होती, असं कुणालाही वाटेल. बाने डोली देऊ केली होती, काकानेही केली होती. पण बाची अट की काकाच्या माणसांनी खांदा लावायचा नाही, आणि काकाची अट त्याच्या उलट. मायने दोन्ही डोल्या परत पाठवल्या होत्या. अर्ध्या घराच्या खांद्यावर मी चढणार नाय, असा तिचा निरोप.

पुढच्या वर्षी नाताळाच्या आधीचा महिना लागला तशी आमची आय आणि समोरची काकी, दोघी दुपारची जेवणं उरकली की बाकीच्या बायकांना घेऊन टोपल्यांसकट खाडीकडे जाऊ लागल्या. विचारलं तर म्हणत, नाताळचं गोड करायचंय. करंज्या करायला खाडीवर कशाला जावं लागतं, हा प्रश्न गावातल्या एकाही पुरुषाला पडला नाही. माझ्या बायकोच्या हातांना राळेचा वास येई. मला वाटलं नवीन काही अत्तर असेल, आणि मी त्या वासाची तोंड भरून स्तुती केली. ती खाली मान घालून ऐकत राहिली. पुढे कितीतरी वर्षं ती स्तुती ती चारचौघांत शब्दन् शब्द म्हणून दाखवत असे.

त्या वर्षी बाने माझ्याकडून तांबड्या मखमलीचं असं ठाण मागवलं की उलगडलं असतं तर बाळकुमपासून कोलशेतपर्यंत रस्ता झाकला असता. आय म्हणाली, द्या इकडे, मी लावते जिथं लावायची तिथं. बा खूश झाला.

नाताळच्या सकाळी बा उठला तर घरात गोठा नाही, आरसे गुंडाळलेले, बाळ येसूची जागा रिकामी, आयचा पत्ता नाही. काकाच्या घरीही गोठा नाही, काकी नाही. दोन्ही भाऊ दोन वाटांनी धावत धक्क्यावर आले, मागून गाव. वाजंत्री मात्र ठरल्या वेळी आले आणि आमच्या रिकाम्या अंगणात बैलासमोर वाजवत बसले.

ओहोटीचा चिखल अजून उघडा होता. पडावाच्या पोटात पेंढा पसरलेला, त्यावर गावातले म्हातारे-कोतारे बसलेले, मधोमध माय, आणि मायच्या मांडीवर बाळ येसू. मायला बाजेवर घालून आणलं होतं. बाजेचे पुढचे पाय आयच्या खांद्यावर, मागचे काकीच्या. त्या खांद्यांवर चढायला मायने नाही म्हटलं नव्हतं. आय पडावाच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, बसली होती, काकी मागे. खाली चिखलाच्या कडेने पाणी चढू लागलं होतं.

बाने विचारलं, कुठे निघाली ही जत्रा. मिस्सेला, आय म्हणाली. बा म्हणाला, शीड नाही, सुकाणू नाही, कशी जाणार. आय म्हणाली, भरती नेईल.

"भरती थेट कल्याणला नेऊन टाकील."

"कल्याणलाही देव हाय," आय म्हणाली.

काका तोवर पडाव बांधायच्या खुंट्याशी बोलू लागला होता. खुंट्याला त्याने बजावून सांगितलं की सुकाणू नसलेला पडाव वळणावरच्या खडकावर आपटतो.

काकी मागून म्हणाली, "मग त्या खडकाला सांगा बाजूला हो. भाऊ सोडून सगळ्यांशी बोलणं हाय तुमचं."

गाव हसला. मिठागरावरचे आगरी गडी आमची मजा बघायला आले होते, तेही हसले. पण पाणी हसायला थांबत नाही. ते पहिल्या फळीला लागलं, दुसऱ्या फळीला लागलं, आणि इतकी वर्षं मेलेला तो पडाव अंगाखाली काहीतरी हलल्यासारखा कण्हला. आता कुणी हसत नव्हतं. आय उतरणार नाही हे बाला कळलं होतं. काकी उतरणार नाही हे काकाला.

"पाणी आलं काय गं?" मायने विचारलं.

"आलं, माय."

मायने आंधळं तोंड काठाकडे वळवलं. "तुम्ही दोघं आलात तवा कुणाच्या हातात शीड नव्हतं की सुकाणू नव्हतं. मी बघितलंय. तवा डोळे होते मला."

दोघे भाऊ पळाले. बाने आढ्यावरून शीड असं ओढलं की निम्मी कौलं खाली आली. शिडात उरलेला भात वाटभर सांडला आणि गावच्या चिमण्या त्या वर्षी घारींएवढ्या झाल्या. काकाच्या ओटीवर एक पाहुणा तंबाखू मळत बसला होता. त्याच्याखालून सुकाणू गेलं तरी तो थोडा वेळ तसाच हवेत बसून राहिला. आमच्या घरामागे पडून असलेली डोलकाठी आगऱ्यांनी खांद्यावर आणली. छातीभर पाण्यात उभं राहून काकाने सुकाणू बसवलं, बाने शीड चढवलं, आणि मागून ढकलणारा मी वर चढतो न चढतो तोच पडाव चिखलातून सुटला.

पडाव वळणापर्यंत आला. वळणावर वारा फिरला. शिडाची दोरी बाच्या हातात, सुकाणू काकाच्या हातात, समोर खडक. तिथे ना रहाट होता ना बैल.

"दादा, ढील दे," काका म्हणाला.

बाने ढील दिली. विचारलं, "अजून?"

"अजून थोडी."

एवढंच. खडक बाजूने गेला. बाने डोळे पुसले, आणि वाऱ्याने पाणी येतं असं काही कुणाला सांगितलं नाही. मग खाली बघताना त्याला फळ्यांच्या फटी दिसल्या. प्रत्येक फटीत राळ, आणि राळेच्या आत तांबडी मखमल ठासून भरलेली.

"ही माझी मखमल?" त्याने आयला विचारलं.

"पाय कोरडे हायत ना तुमचे?" आय म्हणाली.

बाने पायांकडे पाहिलं. कोरडे होते.

देवळात मिस्सा संपली. चुंबनाची वेळ आली तेव्हा पाद्रींनी बाळ येसू मायच्या पुढे धरला. मायने त्याचा पाय शोधला नाही. दोन्ही हातांनी त्याला घेतलं, एका तळव्यावर मान तोलली, दुसऱ्याने पाठ चाचपली, छातीला कान लावला, ओठांवरून बोट फिरवलं. गावातलं प्रत्येक पोर तिने असंच पहिल्यांदा हातात घेतलं होतं. मागे रांग उभी होती, रागीट म्हणून ठाऊक असलेले पाद्रीही थांबून उभे होते. तिचं तपासून झालं.

"चांगला हाय," ती म्हणाली. "थंड पडलाय जरा." तिने पदराचं टोक त्याच्यावर ओढलं आणि मग पायाला ओठ लावले. मी पुष्कळ नाताळ पाहिले, मुंबईच्या दुकानांचे कंदील पाहिले, पण तो खरंच आत्ता जन्माला आला, असं मला तेवढंच एकदा वाटलं.

ओहोटीबरोबर आम्ही परत आलो. बायकांनी मायची बाज उतरवायची तयारी केली. बाने सवयीने शीड उतरवलं, गुंडाळलं आणि खांद्यावर घेतलं. काका सुकाणूची खीळ काढू लागला. लोखंडाचा आवाज मायने ऐकला.

"ठेवा ते तिथंच," ती बाजेवरून म्हणाली. "पुढल्या वर्षीपण जायचंय मला."

बाने काकाकडे पाहिलं. काकाने खीळ पुन्हा बसवली, आणि बाने शीड त्याच्या शेजारी पेंढ्यावर ठेवलं. त्या दिवसापासून काकाच्या ओटीवर पाहुणे जमिनीवर बसू लागले.