तिसऱ्या पायरीवरचे मास्तर

जबलपूरच्या गोरखपुरातल्या स्नेहवर्धक मंडळाच्या पायऱ्यांच्या बावडीवर सकाळी सहाच्या आत जो पोचेल, त्याला गणपत मास्तरांचा आवाज आधी ऐकू यायचा आणि मास्तर नंतर दिसायचे.

"पाण्याले मारू नका! त्यानं तुमचं काय घेतलं? दार लोटल्यासारखं लोटा. हां. आता दुसरं दार."

मास्तर पाण्याच्या वर तिसऱ्या पायरीवर उभे असायचे. डोक्यावर काळी टोपी, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, एका हातात लांब बांबू आणि दुसऱ्या हातात दोरीचं टोक. दोरीचं दुसरं टोक शिकणाऱ्याच्या कमरेला. त्याच्या पाठीवर वाळक्या भोपळ्यांची जोडी. आठवड्यानं एक भोपळा उतरायचा, पुढच्या आठवड्यात दुसरा, मग दोरी. असं करत करत तीन वर्षांत मास्तरांनी साठ-सत्तर माणसं पाण्यावर आणली होती. शाळामास्तर, पोस्टातले कारकून, दोन वैद्य आणि एक हार्मोनियमवाला.

मास्तर स्वतः मात्र पाण्यात उतरत नसत. पायरी ओली झाली तर तेवढे पाय ओले.

मूळचे ते पुलगावकडचे. वर्धा नदीच्या काठी वाढलेले, कामासाठी जबलपुरात आलेले. दिवसभर कारखान्यात लोखंड घासायचं आणि सकाळी-संध्याकाळी मंडळाची बावडी. मंडळात वाचनाची खोली होती, मल्लखांब होता, बुद्धिबळाचे दोन पट होते. पण मास्तरांना त्यातलं काही दिसत नसे. फाटकातून आले की सरळ बावडीकडे.

एकोणीसशे चौतीसच्या उन्हाळ्यात मंडळाचे नवे चिटणीस झाले भय्यासाहेब. पेशानं वकील. भोसल्यांच्या चाकरीत आलेल्या जुन्या घराण्यातले, वय बावन्न, आवाज कोर्टातला. पहिल्याच बैठकीत त्यांनी मास्तरांना समोर उभं केलं.

"गणपत, तुला पोहता येतं का?"

बैठकीत कोणीतरी हसलं. भय्यासाहेब हसले नाहीत.

"हसू नका. तीन वर्षांत याला पाण्यात कोणी पाहिलंय? उद्या एखादा बुडायला लागला तर हा काय करणार? पायरीवरून भाषण देणार?"

"दोरी राहते जी हातात," मास्तर म्हणाले. "बांबू राहतो."

"आणि दोरी तुटली तर?"

"तर उडी मारीन."

"मग आत्ता एकदा मारून दाखव. या टोकाचं त्या टोकाला जा, संपला विषय."

मास्तरांनी टोपी सारखी केली. "ते नाही जमणार, साहेब. मी पोहणं सोडलं हाय. नर्मदेच्या घाटावर, तिलवाऱ्याले."

सोडलं म्हणजे काय हे तिथं कोणाला सांगायची गरज नव्हती. तीर्थाला गेलं की आवडीची एक वस्तू देवासमोर सोडायची, ती पुन्हा आयुष्यात घ्यायची नाही. त्या खोलीत प्रत्येकानं काही ना काही सोडलेलं होतं. कोणी वांगं, कोणी दुधी, कोणी शहाळं, जे जबलपुरात सहसा मिळतही नाही.

"मीही काशीला पेरू सोडलाय," भय्यासाहेब म्हणाले. "पण मी पेरूचं दुकान मांडून बसलो नाही! ते काही नाही. मंडळाला पाण्यात उतरणारा माणूस हवा. पोहून दाखव, नाहीतर आम्ही दुसरा बघतो."

बोलणं चूक नव्हतं. पण अच्युत उठला. हा हितकारिणी हायस्कूलच्या वाटेवरच्या एका छोट्या शाळेत गणित शिकवायचा, आणि मास्तरांच्याच भोपळ्यांवर पोहायला शिकला होता.

"भय्यासाहेब, मास्तराची परीक्षा मुलांवरून होते. मंडळातला सगळ्यांत कच्चा माणूस मास्तरांना द्या. पंधरा दिवस. तो या टोकाचा त्या टोकाला गेला तर मास्तर राहतील, नाहीतर जातील."

"चलो, मान्य. कोण आहे सगळ्यांत कच्चा?"

सगळे नुसते भय्यासाहेबांकडे बघत राहिले.

"मी?"

"पाण्याची भीती वाटत असेल तर राहू द्या," अच्युत फार साळसूदपणे म्हणाला. "आणि तुम्ही मुद्दाम बुडालात तर मास्तरांवर अन्याय व्हायचा."

भय्यासाहेब लाल झाले. "अच्युतराव, मी वकील असलो तरी पाण्यात खोटं बोलणार नाही. लिहा ठराव!"

घरी मास्तरांच्या बायकोनं, राधाबाईंनी, हे ऐकलं आणि भाकरी थापता थापता हात थांबवला.

"तुमी काहून असं सोडलं हो? लोक दुधी सोडतात, भोपळा सोडतात."

"दुधी मले तसाही आवडत नाही. नर्मदामाईले का समजत नाही ते?"

तीन वर्षांपूर्वी राधाबाई विषमज्वरानं एकवीस दिवस पडून होत्या. त्याआधी दर रविवारी गणपत तिलवाऱ्याला जाऊन पलीकडच्या काठाला हात लावून परत यायचे. नावाडी त्यांना हाका मारून शर्यत लावायचे. वैद्यानं मान हलवली त्या दिवशी ते घाटावर गेले, कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले आणि जवळ जी एकच आवडती गोष्ट होती ती सोडून आले. बाई उठल्या. महिन्याभरानं मंडळाला पोहणं शिकवणारा हवा असल्याचं कळलं तेव्हा मास्तर धावतच गेले. पोहणं सोडलं होतं, शिकवणं सोडलं नव्हतं. पाण्याजवळ राहायला तेवढी एकच वाट उरली होती, आणि आता तीही भय्यासाहेबांच्या हातापायांवर येऊन ठेपली होती.

पहिल्या दिवशी भय्यासाहेब चष्मा लावून पाण्यात उतरले.

"चष्मा कशाले, साहेब?"

"मी काय करतोय ते मला दिसायला हवं."

"ते मले दिसून राहिलं न. तेच पुष्कळ."

हात-पाय लवकर आले. अडचण होती मानेची. आयुष्यभर न्यायाधीशासमोर मान ताठ ठेवलेला माणूस, पाण्यातही ती खाली घालीना. मान वर उचलली की पाय आपोआप खाली जायचे, आणि भय्यासाहेब भोपळ्यांना लटकून उभेच्या उभे हात मारत राहायचे.

"साहेब, तुमी पोहून नाही राहिले, जिना चढून राहिले. तोंड पाण्यात टाका. फूं करून सोडा."

"नाकात पाणी जातं!"

"जाते. आपलं नाव-गाव विचारते अन् परत येते."

आठव्या दिवशी एक भोपळा उतरला. अकराव्या दिवशी दुसरा उतरवायचा म्हटलं तर भय्यासाहेबांनी तो मिठीच मारून धरला. तेराव्या दिवशी मास्तरांनी तो काढलाच. चार हात मारले न मारले तोच भय्यासाहेबांची मान वर आली, पाय खाली गेले आणि ते दिसेनासे झाले. मास्तरांनी दोरीनं त्यांना ओढून पायरीला लावलं. भय्यासाहेब खोकत होते, डोळे लाल झाले होते.

"संपलं! हे माझ्याच्यानं होणार नाही. बावन्न वर्षांच्या माणसाची थट्टा लावलीय."

"एक डाव उलटे पडून पाहा, साहेब. उताणे. आभाळाकडं पाहत. मान मी म्हणतो तशी आपोआप..."

"नको. काही नको." ते ओल्या अंगानंच घरी गेले. चौदाव्या दिवशी आलेच नाहीत.

त्या संध्याकाळी राधाबाई दारात वाट बघत होत्या.

"मी काय म्हनते, मीच जाते तिलवाऱ्याले. सांगते माईले, माह्या धन्याचं पोहणं वापस दे, माह्याकडून दुसरं काही घे. माह्या पाटल्या घे."

"दिलेलं बदलून मागाचं? ते का बोहारणीचं दुकान हाय?"

"अन् बावडी गेली तर?"

"तर कारखाना सुटला की सीधा घरी येईन."

"घरी येऊन काय करान?"

"तुह्यासंग भांडीन."

राधाबाई हसल्या नाहीत. मास्तरही हसले नाहीत.

रविवारी, पंधराव्या दिवशी, सगळं मंडळ बावडीच्या कठड्यावर जमलं. सात वाजले, सव्वासात झाले. भय्यासाहेब आले नाहीत तर ठरावाप्रमाणे मास्तर जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तरांनी बांबू भिंतीला टेकवून ठेवला आणि दोरी गुंडाळायला घेतली.

तेवढ्यात भय्यासाहेब आले. पंचा नेसलेले, कोणाशी न बोलता. चष्मा काढून अच्युतच्या हातात दिला.

"दोरी बांधू?" मास्तरांनी विचारलं.

"ठरावात दोरी नाही."

ते उतरले. पहिले दहा हात छान गेले. पंधरा गेले. बावडीच्या मधोमध, जिथं पाणी काळं दिसतं, तिथं कोणीतरी वरून "शाबास!" म्हणून ओरडलं आणि भय्यासाहेबांनी मान वर करून बघितलं.

पाय खाली गेले. एक घोट, दुसरा घोट.

कठड्यावरचे सगळे उभे राहिले. मास्तरांनी टोपी काढून पायरीवर ठेवली. एक पायरी उतरले, दुसरी उतरले, मग पाण्याखालच्या पायऱ्या. पाणी कमरेला लागलं. दोन्ही हात पुढे करून ते वाकले, आणि तिथूनच त्यांचा आवाज आला. मोठा नव्हता, रोजचाच होता.

"भय्यासाहेब. आभाळ पाहा. डोकं मांगं टाका, उशीवर टाकल्यावानी. पोट वर. मी हावो इथं."

भय्यासाहेबांनी डोकं मागं टाकलं. आधी त्यांची हनुवटी दिसली, मग छाती, मग पोट, आणि मग अगदी शेवटी पायांचे दोन्ही अंगठे पाण्यावर आले.

"हां. आता पाय हलवा. हळू. कोर्टात काही उशीर नाही होऊन राहिला."

भय्यासाहेब उताणे, डोळे सताड उघडे, पाय मारत मारत निघाले. किती वेळ लागला कोण जाणे. शेवटी पलीकडच्या पायरीवर त्यांचं टाळकं आपटलं, आणि तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

"पण हे उताणं झालं," कठड्यावरचा एक सभासद म्हणाला. "असं चालतं का?"

भय्यासाहेब पायरीला धरून धापा टाकत होते. तरी वळले.

"ठरावात पालथं म्हटलं आहे? काढा वही. वाचा. या टोकाचं त्या टोकाला, एवढंच आहे. मी त्या टोकाला पोचलो आहे. विषय संपला!"

अच्युतनं टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली.

माणसं पांगल्यावर भय्यासाहेब टाळकं चोळत मास्तरांजवळ येऊन बसले. मास्तर धोतराचा सोगा पिळत होते.

"मी वर आलो नसतो तर, गणपतराव?"

"आलोच होतो न मी."

"मग नवस?"

"मोडला असता. माईसमोर जाऊन सांगितलं असतं, का माये, वकील बुडून राहिला होता."

"तिनं माफ केलं असतं?"

मास्तरांनी थोडा विचार केला. "वकिलासाठी? सांगता येत नाही जी."

भय्यासाहेब एवढे मोठ्यानं हसले की बावडीच्या भिंतीतली कबुतरं उडाली. मग उठता उठता म्हणाले, "उद्या सहाला येतो. पालथं राहिलंय अजून."

"या. अन् तुमच्या त्या सभासदालेही आणा, ज्यानं वांधा काढला. त्याले पोहता येते का?"

"छे! त्याला कुठलं येतंय."

"वाटलंच मले," मास्तर म्हणाले आणि दोन नवे भोपळे बघायला आत गेले.