गप्प केलेल्या ओळी

ऑफिसात त्यांना सगळे काकू म्हणत. साहेबसुद्धा. तो त्यांच्याहून जेमतेम दोन वर्षांनी लहान, त्यामुळे काकूंचा तिळपापड होई. काम मात्र भल्याभल्यांना घाम फोडणारं: पार्किंगची तिकिटं छापणाऱ्या यंत्राचं कर्नल, म्हणजे सॉफ्टवेअरचा सगळ्यात आतला भाग, त्या लिहायच्या.

काकूंना बोलायची भारी हौस, आणि ती कोडमध्येही सुटत नसे. मोटर फिरली, टाक मेसेज. कागद सरकला, टाक मेसेज. "तुमचं यंत्र तिकिटं कमी छापतं आणि स्वतःबद्दलच जास्त सांगतं," साहेब म्हणाला आणि त्यानं फर्मान काढलं की डीबगच्या, म्हणजे असले मेसेज टाकणाऱ्या, सगळ्या ओळी काढून टाका. काकू हो म्हणाल्या. हो म्हणणं आणि करणं यांत त्यांनी कधी गल्लत केली नव्हती.

मग यंत्र अडायला लागलं. छान छापता छापता एखादं तिकीट अर्धवट कापायचं आणि रुसून बसायचं. साहेबानं जाहीर केलं की शुक्रवारपर्यंत दोष सापडला नाही, तर काकूंचा कोड भंगारात आणि बाहेरचा तयार कोड यंत्रात. अर्धं आयुष्य घातलं होतं त्यात.

ओळी त्यांनी काढल्या नव्हत्याच, नुसत्या बंद ठेवल्या होत्या. चालू यंत्राला एक आज्ञा दिली की हव्या तेवढ्या ओळी बोलायला लागत. घाईघाईत काकूंनी सगळ्याच एकदम चालू केल्या. पडद्यावर मेसेजचा पूर आला, यंत्र गोगलगायीसारखं चालू लागलं, पण अडेचना. ओळी बंद केल्या की थोड्या वेळात पुन्हा रुसवा.

"मग राहू द्या ना चालू," साहेब म्हणाला. "गिऱ्हाइकाला काय कळतंय?"

"हळू चाललंय म्हणून वाचतंय ते. दोष लपलाय, गेलेला नाही."

"काकू, उद्या शुक्रवार आहे."

हो म्हटलं असतं तर कोडही वाचला असता आणि खुर्चीही. तसा मोह झालाच. पण लाज वाटली, आणि त्या एकेका फाइलच्या, मग त्यातल्या एकेका फंक्शनच्या ओळी चालू-बंद करत बसल्या. शुक्रवारी दुपारी एकच ओळ हाती उरली: "कागद थांबला." ती चालू असली तर यंत्र ठीक, बंद असली तर अडलंच. मेसेज लिहिण्यात जो क्षण जाई, तेवढ्यात कागद खरोखर थांबत होता. एरवी तो सरकत असतानाच तिकीट कापणारं पातं खाली येई. काकूंनी कपाळावर हात मारला. थांबला असं जगाला सांगायचं सुचलं, थांबलास का म्हणून विचारायचं राहिलंच. त्यांनी कागदाची हालचाल टिपणाऱ्या सेन्सरला विचारणारी ओळ घातली, मेसेज बंद केले, आणि यंत्र संध्याकाळपर्यंत सुरळीत छापत राहिलं.

"त्या ओळी काढायला सांगितल्या होत्या ना मी?" साहेब म्हणाला.

"गप्प केल्या होत्या," काकू म्हणाल्या.

घरी आल्या आल्या त्यांनी नवऱ्याला सगळं सांगायला घेतलं. तो पेपराआडून हं, हं करत होता. कागदाच्या भागापर्यंत आल्या आणि मध्येच थांबल्या.

"अहो, ऐकताय का?"

नवऱ्यानं पेपर खाली ठेवला. लग्नापासून हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच आला होता.

"नाही," तो म्हणाला. "पण आता सांग."