ट्यूबवरचा स्टिकर

खांदा कॉलनीतल्या आमच्या लॅबमध्ये दर महिन्याला शुगर तपासायला तत्त्वज्ञानाचे एक निवृत्त प्राध्यापक येतात. 'सत्य' म्हणताना हवेत बोटांनी अवतरणचिन्हं काढायची त्यांना खोड आहे. "आधुनिकांना वाटलं, बुद्धी चालवली की एकच सत्य हाती लागेल. नंतरच्यांनी विचारलं, ते ठरवणारे तुम्ही कोण?" मी सुई टोचेपर्यंत हे चालतं. ज्याला सत्यच मान्य नाही, तो रक्त कशाला तपासतो? मला हा माणूस ढोंगी वाटायचा. त्यात रक्ताच्या ट्यूबवरचा नावाचा स्टिकर स्वतः वाचल्याशिवाय ते उठायचे नाहीत. त्याचा तर मला रागच यायचा.

परवा स्टिकर वाचून ते बसूनच राहिले.

"ताई, हे माझं नाव नाही."

आधीच्या बाईंचा उरलेला स्टिकर मी त्यांच्या ट्यूबला चिकटवला होता. तो बदलता बदलता मी फणकारले, "सर, तुमचा आमच्या मशीनवर विश्वासच नाही ना?"

"मशीनवर आहे हो. मशीनपर्यंत काय पोचतं, ते बघतो."

या वेळी त्यांची बोटं हवेत गेली नाहीत.

मी पंधरा वर्षं रक्त काढतेय. त्यांच्याशिवाय स्टिकर कुणीच कधी वाचलेला नाही. आता मला संशय येतो तो आजवर दिलेल्या सगळ्या रिपोर्टांचा.