कोपरानं लोटणारी आई

नव्या कागदाचा वास आला ना, की मला वाणगावच्या आमच्या पडवीतली ती दुपार आठवते. मुलीनं आम्हा दोघींवर चित्रांचं पुस्तक केलं होतं आणि छापायला देण्याआधी मला दाखवायला आली होती. मी आपली पानं उलटत होते, ती माझ्या तोंडाकडे बघत होती. एका पानावर फ्रॉकातली पोर आईला बिलगायला येते आणि आई तिला कोपरानं लोटते. "हे काढून टाक," मी म्हटलं. "खोटंय का, आई?" "अगं, दिवसभर वाडीत मिरच्या तोडायचे मी. हात नुसते भगभगायचे. तुझ्या डोळ्यांना लागेल म्हणून कोपरानं सारायचे." तिनं ते पान स्वतःकडे ओढून घेतलं. मग म्हणाली, "हे कधी बोलली का नाहीस?" "तू विचारलंस कुठे?" तिनं पेन्सिल घेतली आणि चित्रातल्या आईच्या पायाशी मिरच्यांची टोपली काढली. पुस्तक त्या टोपलीसकट छापून आलं. आता इतक्या वर्षांनी लिहूनच टाकते. पावसाळ्यात आमच्या वाडीत मिरची नसायची, नुसता भात. त्या चार महिन्यांतही मी तिला कधी जवळ घेतलं नव्हतं. तिला ते ठाऊक होतं, तरी तिनं टोपली काढली.