शिवलेली उत्तरं

अवं पोरी, ये, माझ्याजवळ बस. आल्यापासून फोनच पाहून राहिली, आजीशी बोलायचं कधी?

नवेगाव बांधच्या आपल्या या ओट्यावर रोज दुपारी एक शेजारीण बसायची. सरकारी नोकरीची तिची ही शेवटची परीक्षा, पुढं वय निघून जाणार होतं. मांडीवर इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक, आणि मागची उत्तरांची पानं तिनं सुईदोऱ्यानं शिवून टाकलेली! "डोळे लय चोट्टे असतात, काकी," म्हणायची.

क्रियापदाचा काळ निवडायचा आला, की वाक्य आधी मराठीत मला ऐकवायची. "भावानं काल मासोळी आणली, का रोज आणते, का आत्ता आणून राहिला?"

मी म्हणायची, "अवं, कढईत पडंल तेव्हा खरं!"

ती खळखळून हसायची, पण खूण विचार करूनच करायची. संध्याकाळी दोरा उसवायची, चूक निघाली की स्वतःचाच कान पिरगाळायची, अन् पानं पुन्हा शिवायची.

निकालाच्या दिवशी ती स्वतःच्या घरी जायच्या आधी इथंच आली. "लागली, काकी! नोकरीसाठी दूर दरेकसा गावी राहायला जावं लागते," म्हणाली अन् रडायलाच लागली.

"रडतेस कायले? जा," मी म्हटलं.

गेली. चांगलंच झालं. पण दुपारी आता मला कोणी काही विचारत नाही. तू तरी लवकर ये बाई पुन्हा, दोन दिवस राहायला.