ओलीटाचं दोनबारी पिस्तूल

सकाळचे सव्वासहा झाले होते. ओलीटा ग्रिसम ओट्यापाशी उभी राहून पीचचा मुरांबा लावलेला टोस्ट खात होती. बसून खायचं तिनं सोडूनच दिलं होतं. टेबलाला खुर्च्या चार आणि बसणारी एकटी, त्यापेक्षा उभ्याउभ्या उरकलेलं बरं. रेडिओवर गव्हाचे भाव झाले, वारा कुठून सुटणार ते झालं, आता गेलेल्यांची नावं चालू होती. ती नावं मात्र ओलीटा कान देऊन ऐके. ओळखीचं एखादं नाव निघालं की दिवसभर त्या माणसाच्या आठवणी काढत बसता येई.

तेवढ्यात दार वाजलं.

तेही पुढचं. टेक्ससच्या त्या उत्तरेकडच्या माळावर पुढचं दार वाजवतं ते परकं माणूस. ओळखीचा माणूस मागून येतो, स्वयंपाकघराचं जाळीचं दार ढकलतो आणि आत आल्यावर विचारतो, आहे का कुणी घरात. ओलीटाचा उजवा हात आपसूक एप्रनच्या खिशात गेला. खिशातली वस्तू नेहमीसारखीच थंडगार लागली.

"कोण आहे?"

"मी शेल्बी, मिस ओलीटा! गोळी घालू नका, मला ड्यूटीवर जायचंय!"

ओलीटानं कडी काढली. थोरल्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, तिकडं मानानं मिसच म्हणतात. शेल्बी मैलभर पलीकडच्या घरातली, कोडीची बायको. खेड्यापाड्यातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरी जाऊन मलमपट्टी करणारी, इंजेक्शनं देणारी नर्स. रोज साडेसहाला तिची गाडी ओलीटाच्या फाटकावरून धूळ उडवत जाई.

"पुढून कशाला आलीस पाहुण्यासारखी?"

"मागं जागा आहे का? वाऱ्यानं आलेली काटेरी झुडपं छातीएवढी साचलीत दाराशी. तुम्ही काढली कशी नाहीत? तुमचं अंगण तर आरशासारखं असतं."

"राहिलं," ओलीटा म्हणाली. "बस. कॉफी जास्तच झालीय."

ती रोजच जास्त होई. तिच्या नवऱ्याला, वेंडलला, जाऊन दोन वर्षं झाली, तरी हात दोन मगांचं पाणी मोजायचे ते मोजायचेच.

शेल्बी टेबलाशी बसली खरी, पण टेकल्यासारखी. गेल्या आठवड्यात पेट्रोलपंपापासून एक गाडी तिच्या मागं लागली होती. बावीस मैल. ती वळली की वळे, थांबली की थांबे. पेशंटच्या फाटकाशी पोचल्यावर तिथली दोन कुत्री धावून आली, तेव्हा कुठं तो माणूस निघून गेला.

"शेरीफच्या ऑफिसात सांगितलंस?"

"सांगितलं. गाडीचा रंग सांगितला. पांढरी. त्यांनी लिहून घेतलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की बाई, या जिल्ह्यात दुसरा रंग आहे का!" शेल्बी हसली, पण मग एका हातानं दुसऱ्या हाताची बोटं मोडत राहिली. "म्हणून म्हटलं, तुम्हाला विचारावं. ते छोटं दोन बारांचं पिस्तूल असतं ना, वरखाली दोन नळ्या? दुकानात बघून आलेय. शिंपल्यासारखी मूठ आहे. माझा दीर म्हणतो, बायकांना तेच बरं."

"तुझ्या दिरानं कधी ते एप्रनमध्ये घालून कोंबड्यांना दाणे टाकलेत?"

गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात बंदुकांच्या काउंटरमागं ओलीटा एकतीस वर्षं उभी होती. मालकाला तिचा राग येई, कारण गिऱ्हाईक शिंपल्याच्या मुठीवर भाळून आलं, की ही त्याला हवं ते द्यायच्या आधी चार खऱ्या गोष्टी सांगे. पण बायका तिलाच शोधत येत. ती नसेल, तर उद्या येते म्हणून परत जात.

तिनं खिशातून पिस्तूल काढलं, तोंड भिंतीकडे धरून उघडायचा खटका दाबला, नळ्या वर उचलल्या आणि दोन्ही काडतुसं काढून साखरेच्या भांड्याशी उभी केली. रिकाम्या नळ्यांतून खिडकीचा उजेड बघितला. मगच टेबलावर ठेवलं.

"अय्या! तुमच्याकडेच आहे की!"

"मी रिटायर झाले तेव्हा वेंडलनं दिलं. दुसऱ्या गावाहून गुपचूप आणलं, मला कळू नये म्हणून. ज्या गोष्टीपासून मी निम्म्या गावाला परतवलं, तीच नेमकी." ओलीटा मुठीवरून अंगठा फिरवत राहिली. "इतका खूश होता तो, की त्याला काही बोलवेचना. कधीच बोलले नाही."

"मग चांगलं काहीच नाही यात?"

"आहे ना. चपटं आहे, खिशात कळत नाही. आत भानगडी कमी, त्यामुळं अडकत नाही. काडतूस चांगलं दणकट घेतं. आणि खिशात आहे एवढ्यावरच माणूस ताठ चालतं, तेही काही कमी नाही. आता घोडा ओढून बघ."

शेल्बीनं अंगठ्यानं घोडा मागं ओढला. ओढताना तिचा ओठ दातात गेला.

"घट्ट आहे."

"आता हात थरथरतोय, मागं माणूस आहे, आणि एक हात गाडीच्या दाराला आहे, असं धर. चापही तसाच जड. नळी बोटाएवढी, म्हणजे या टेबलापलीकडं नेम धरायचा नाही. बार काढला की तळव्यावर कुणी हातोडी मारल्यासारखं होतं, दुसरा बार कुठं जाईल ते देवाला माहीत. शिवाय जुनी बनावट असली, तर भरलेलं पिस्तूल हातातून पडलं तरी उडतं. आणि दोन झाले की संपलं. उघडा, कवचं काढा, नवी घाला. तोवर तो माणूस काय तुझ्यासाठी थांबतो?"

"मग काय घेऊ?"

"पाच बारांचं छोटं रिव्हॉल्व्हर. घोडा आत झाकलेला असतो, पर्समधल्या दोऱ्याला अडकत नाही. दिसायला बेडकासारखं आहे, पण चालतं. घेतलंस की महिनाभर दर शनिवारी डबे मांडून नेम धर, नाहीतर घेऊच नकोस. आणि त्याहून मोठी गोष्ट. तू कुठल्या फाटकाशी कधी असशील, हे कुणाला ठाऊक असतं?"

"ऑफिसात यादी असते. कोडीला फोन करते निघताना आणि पोचल्यावर. नाही केला तर तो दहा मिनिटांत वेडा होतो."

"मग पहिलं हत्यार ते," ओलीटा म्हणाली आणि कॉफी ओतायला उठली.

उठताना तिनं टेबलाला धरलं. ओट्यापर्यंतची चार पावलं तिनं डावा पाय ओढत टाकली. शेल्बी बघत होती. नर्सच्या डोळ्यांतून असलं सुटत नाही.

"पाय कधीपासून असा?"

"थंडी पडली की होतं."

"मिस ओलीटा, मी दिवसाला आठ म्हाताऱ्या बघते. सगळ्यांना थंडीच बाधते."

ओलीटानं कॉफीचा मग भरला, शेल्बीपुढं ठेवला आणि यावेळी स्वतःही खुर्चीवर बसली. काडतुसं दोन बोटांनी जरा पुढं सरकवली, परत मागं घेतली.

"ऑक्टोबरात पडले. खुराड्याच्या पायरीवरून. घोटा असा मुरगळला, की उभं राहवेना. फोन आत, ओट्यावर. मग म्हटलं, हे आहे ना खिशात. हवेत बार काढले."

त्या मुलखात लहान पोरालाही ठाऊक असतं. शिकारीला गेलात आणि अडलात, पडलात, वाट चुकलात, तर ओळीनं तीन बार हवेत काढायचे. ऐकणारा हातातलं काम टाकून निघतो. तीन.

"पहिला काढला. दुसरा काढला, दोन्ही अंगठ्यांनी घोडा ओढून. आणि मग हातात बघत बसले." ओलीटा थोडी हसली. "एकतीस वर्षं मी लोकांना त्याचे सगळे दोष सांगितले. हा एक कधी सुचला नव्हता. बाकीची काडतुसं आत कॉफीच्या डब्यात."

शेल्बीचा मग हवेतच राहिला.

"शनिवार होता?" तिनं हळूच विचारलं. "सकाळी दहाच्या सुमारास?"

"हो."

"आम्ही ऐकले. आम्ही दोघं अंगणात होतो. कोडी म्हणाला, 'दोन बार, मिस ओलीटाला साप सापडला.' मी म्हटलं, 'दुसऱ्यातच लोळवला, म्हातारीचा नेम बघ.' आणि हसलो आम्ही." तिचे डोळे भरून आले. "तिसऱ्यासाठी कान देऊन थांबलोसुद्धा, मिस ओलीटा. आला असता तर धावत आलो असतो."

"ठाऊक आहे गं. मीही तेच म्हटलं असतं. दोन म्हणजे साप."

"मग आत कशा आलात?"

"दाण्याची बादली उपडी घालायची, तिच्यावर रेलायचं, थोडं सरकायचं. दाराशी पोचायला अडीच वाजले. कोंबड्या मागून येत होत्या, त्यांना वाटलं बादलीत काहीतरी आहे." ओलीटानं एप्रनचं टोक सारखं केलं. "डेन्व्हरला ड्वेनला फोनवर सांगितलं, मला सर्दी झालीय. माझा मुलगा गुणी आहे, म्हणूनच खरं सांगितलं नाही. त्याला कळलं तर तो सोमवारी येईल आणि शुक्रवारपर्यंत मी कुठल्यातरी वृद्धाश्रमात बिंगो खेळत असेन. मला इथंच राहायचंय. चोराची भीती मला कधीच नव्हती, शेल्बी. मी तिथं मातीत पडले होते ना, तेव्हा हिशेब करत होते, माझी आठवण आधी कुणाला येईल. ड्वेनचा फोन रविवारी संध्याकाळी. त्याआधी कुणाचंच नाव आठवेना."

रेडिओ केव्हाच गाण्यांवर आला होता. शेल्बीनं घड्याळ बघितलं नाही. ती उठली, ओलीटापुढं फरशीवर बसली आणि तिचा मोजा खाली करून घोटा दोन्ही हातांत घेतला. दाबून बघितला. घोटा अजून सुजलेला होता.

"ड्वेनला मी काही सांगणार नाही," ती म्हणाली. "कोडी आज संध्याकाळी येऊन झुडपं काढेल. पट्टी मी आत्ता बांधते. अजून काय करू, सांगा."

ओलीटानं खिडकीतून फाटकाकडं बघितलं. काडतुसं उचलून खिशात टाकली. पिस्तूल तसंच राहू दिलं टेबलावर, रिकामं.

"सकाळी जाताना फाटकाशी एकदा हॉर्न वाजव," ती म्हणाली. "मी स्वयंपाकघरातला दिवा बंद करून परत लावीन. तसं नाही झालं, तर आत ये."