होडी ठरवून देणारा

महायुद्ध संपल्यावर काही वर्षं मी माथेरानच्या एका हॉटेलात कारकून होतो. तिथे डोंगराखालच्या पोशीर गावचा एक माणूस हौशी पाहुण्यांना समुद्रात गळ टाकायला मुंबईच्या धक्क्यावरची होडी ठरवून द्यायचा. बोलताना तो समोरच्याच्या चपलांकडे बघायचा आणि शेवटी "बघू या" म्हणायचा. "होडी चांगली हाय. बघू या."

पाहुणे बहुतेक देशावरचे. होडीत दिवसभर ओकायचे आणि हात हलवत परतायचे. हा नेरळच्या बाजारातून सुरमई घेऊन तिथल्याच स्टेशनावर उभा असायचा. ती पाहुण्याच्या हातात द्यायचा आणि स्वतः जरा मागून चालायचा. मला ही लबाडी खटकायची, पण हॉटेलात मासा मिरवत शिरणाऱ्या पाहुण्याचं तोंड बघून मी गप्प बसायचो.

एका मे महिन्यात सोलापूरचे वकील दुसऱ्यांदा आले. ते पहाटे होडीसाठी निघून गेल्यावर त्यांची बायको याच्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, "मागच्या वर्षीची सुरमई छान होती हो. या खेपेला त्यांना पापलेट मिळू दे."

तो तिच्या चपलांकडे बघत म्हणाला,

"बाईसाहेब, पापलेट जाळ्यात घावतं, गळाला लागत नाय. सुरमईच आणतो."